दुखणं नको, काम सांगा

पनवेलभोवतीच्या तळोजा, पाताळगंगा, रसायनी या पट्ट्यात कारखान्यात जाणाऱ्या घरांना ‘मेडिकल’ हा शब्द नवा नाही. वर्षातून एकदा रक्त-लघवी तपासतात, छातीचा एक्स-रे काढतात, डोळे-कान पाहतात, नळीत जोरानं फुंकायला लावून फुप्फुसांचा दम मोजतात आणि कागदावर ‘फिट’ लिहून देतात. या तपासणीच्या मुळाशी भोपाळ आहे. १९८४ च्या वायुकांडानंतर, १९८७ साली कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचं वेगळं प्रकरण घातलं गेलं. त्यातल्या कलम ४१-सी नं अशा ठिकाणच्या कामगाराची कामावर घेण्यापूर्वी आणि त्यानंतर जास्तीत जास्त बारा महिन्यांच्या अंतरानं वैद्यकीय तपासणी करणं मालकावर बंधनकारक केलं. विषारी रसायनांच्या भीतीतून जन्मलेल्या तपासणीचं लक्ष यकृताकडं, फुप्फुसांकडं, रक्ताकडं असणार हे उघड आहे. सांध्यांकडं ते नाही. अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात सरकारला कळवायचे २९ आजार होते. त्यात शिशाची विषबाधा होती, सिलिकोसिस होता, संधिवात नव्हता. म्हणून सकाळी सात वाजता ज्याची मूठ वळत नाही असा माणूस या सगळ्या चाचण्यांतून बिनबोभाट पार पडतो. त्याची खरी परीक्षा पुढं केव्हातरी होते. काम मागं पडतं, रजा वाढतात, सुपरवायझर तक्रार करतो आणि ‘हा हे काम करू शकतो का, ते बघा’ म्हणून त्याला डॉक्टरांकडं पाठवलं जातं. तिथं बहुतेक जण एक्स-रेचं पाकीट आणि जुने रिपोर्ट घेऊन जातात. ते न्यावेतच. पण जो प्रश्न विचारला गेला आहे त्याचं उत्तर त्या पाकिटात नसतं.

विचारलेला प्रश्न ‘आजार आहे का’ हा नाही. ‘हा माणूस आणि हे काम यांचा मेळ बसतो का, बसत नसेल तर काय बदललं म्हणजे बसेल’ हा आहे. त्याच्या उत्तराला दोन गोष्टींची माहिती लागते, आणि ती वेगवेगळ्या माणसांकडं पडलेली असते. उपचार करणाऱ्या संधिवाततज्ज्ञाला सांधे माहीत असतात, पण प्लँटमधला व्हॉल्व्ह किती घट्ट असतो ते त्यानं पाहिलेलं नसतं. व्यवस्थापकाला व्हॉल्व्ह माहीत असतो, बोटं नाहीत. कारखान्याच्या डॉक्टरांना दोन्ही थोडंथोडं माहीत असतं आणि एका माणसासाठी दहा-पंधरा मिनिटं मिळतात. काम आणि शरीर दोन्ही रोज अनुभवणारा एकच माणूस त्या खोलीत असतो, आणि बहुधा तोच सगळ्यात कमी बोलतो. या तपासणीची तयारी म्हणजे आपलं दुखणं पटवून देण्याची तयारी नव्हे. आपलं काम नीट सांगता येण्याची तयारी आहे, असं माझं म्हणणं आहे.

संधिवाताच्या स्वभावामुळं ही तयारी अधिकच गरजेची ठरते. त्याचे प्रकार अनेक आहेत. नोकरीच्या वयात दोन प्रामुख्यानं आढळतात. गुडघ्यासारख्या सांध्यातली कूर्चा झिजून होणारा एक, आणि शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटल्यानं होणारा दुसरा, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आपल्याकडचा आमवात. आमवात स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा दुप्पट-तिप्पट दिसतो, आणि तो म्हातारपणाची वाट पाहत नाही. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून भिगवण गावात घरोघर जाऊन जी पाहणी केली, तीत ४००० हून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंच्या तक्रारी होत्या. आमवात साधारण दोनशेंत एकाला. म्हणजे हजारभर माणसांच्या कारखान्यात आमवाताचे चार-पाच जण असणं ही काही नवलाची गोष्ट नव्हे, आणि गुडघे-कंबर धरून काम करणारे तर शंभरावर असतील. अडचण अशी, की हे आजार दिवसभर सारखे नसतात. झिजेच्या संधिवातात बसून उठल्यावरचा आखडलेपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत सुटतो आणि कामाचा भार वाढेल तसं दुखणं वाढतं. आमवातात उलट, सकाळचा ताठरपणा तासभर, कधी दोन तास राहतो आणि हालचालीनं सैल पडतो. आमवाताच्या कामगाराला डॉक्टरांनी दुपारी तीनला बोलावलं, तर त्यांना दिसतो तो त्याचा चांगला अवतार. गुडघेदुखीवाला सकाळी ताजातवाना असताना तपासला, तरी तेच.

यावर उपाय साधा आहे, पण तो तपासणीच्या आदल्या रात्री करता येत नाही. दोन-तीन आठवडे आधीपासून वहीत रोज चार ओळी लिहाव्यात: उठल्यावर मूठ पूर्ण वळायला किती वेळ लागला, कोणती शिफ्ट होती, कोणतं काम अडलं, कोणतं जमलं. ‘हात फार दुखतात’ या वाक्याचं डॉक्टर काही करू शकत नाहीत. ‘फर्स्ट शिफ्टला सातला पोचतो, साडेआठपर्यंत उजव्या हातानं व्हॉल्व्हचं चाक फिरत नाही, दोन्ही हात लावले तर मनगटात कळ येते, नऊनंतर तेच चाक फिरतं’ या वाक्याचं बरंच काही करता येतं. त्यात वेळ आहे, हालचाल आहे, सांधा आहे आणि उपायाची दिशाही आहे: फर्स्टऐवजी जनरल शिफ्ट, किंवा चाकाला लावायची लांब दांड्याची चावी. तळोज्यातल्या मासळी प्रक्रियेच्या कारखान्यांत बर्फात हात घालून उभ्यानं काम करणाऱ्या बाईची वही वेगळी असेल. तिथं थंडी, ओल आणि तासन् तास तीच ती बोटांची हालचाल हा मुद्दा आहे. किती वेळानं बोटं बधिर होतात, हातमोजे कोणते मिळतात, मध्ये हात कोरडे करून ऊब घ्यायला सवड मिळते का, हे तिनं लिहायला हवं. हार्बर लाइननं रोज सव्वा-दीड तास उभ्यानं मुंबई गाठणाऱ्या कारकुनाला ऑफिसातल्या खुर्चीपेक्षा पनवेल ते सीएसएमटी हा प्रवासच महाग पडत असेल, तर तेही कामाचाच भाग म्हणून सांगावं. कामाची वेळ तासभर सरकवली की निम्मा प्रश्न सुटतो.

औषधांची यादीही वहीत हवी, आणि ती पूर्ण हवी. आमवातात दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट हे आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध आहे. त्याचा यकृतावर आणि रक्तपेशींवर परिणाम होऊ शकतो म्हणून ठरावीक काळानं रक्ततपासणी करावी लागते, आणि रसायनांशी संबंध येणाऱ्या माणसाच्या डॉक्टरांना हे कळणं त्याच्याच हिताचं आहे. पनवेल हे १८७२ पासून आयुर्वेदिक औषधं बनवणाऱ्या धूतपापेश्वरचं गाव. गुग्गुळ आणि काढे इथं घरोघर असतात आणि लोक त्यांना औषधात धरतच नाहीत. तेही लिहावेत. तपासणीच्या दिवशी दुखणं दिसावं म्हणून गोळी टाळू नये आणि लपावं म्हणून जादा गोळी घेऊ नये. नेहमीची गोळी नेहमीच्या वेळी घ्यावी आणि ती किती वाजता घेतली ते सांगावं.

इथं पहिला आक्षेप येतो, आणि तो फाजील भीतीचा नाही. एवढं सगळं कागदावर दिलं तर नोकरीच जाईल, मग गप्प राहिलेलं काय वाईट? या भीतीला आधार होता. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात सततच्या आजारपणामुळं सेवा संपवली तर ती ‘छाटणी’ धरली जात नसे, म्हणजे छाटणीचं संरक्षणही मिळत नसे. सरकारी आस्थापनांत चित्र बरंच वेगळं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० सांगतं, की सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. १९९५ च्या जुन्या कायद्यातल्या अशाच तरतुदीवर सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये कुणाल सिंग खटल्यात हेच ठामपणे सांगितलं होतं. खासगी कारखान्याला ही ढाल तशीच्या तशी लागू नाही, हे कामगारापासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही. मात्र त्याच कायद्यानं खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण जाहीर करायला सांगितलं आहे, आणि वीस किंवा अधिक माणसं असतील तिथं कोणत्या सोयी देणार हे त्यात लिहावं लागतं. ते धोरण एचआरकडून तपासणीच्या आधी मागून वाचावं. चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट आरक्षणासारख्या लाभांना आहे, या कलमांना नाही; ‘तुझं सर्टिफिकेट चाळीसच्या खाली आहे’ एवढ्यावर विषय संपत नाही. आणि गप्प राहण्याची किंमत मोजून पाहा. आजार नोंदलाच नसेल तर मंदावलेलं काम आळस ठरतं, रजा बेशिस्त ठरते, आणि त्यावर होणाऱ्या कारवाईत कामगाराच्या बाजूनं एक कागदही नसतो. बोलण्यात धोका आहेच, पण गप्प राहण्यातला धोका जास्त आहे.

दुसरा आक्षेप: डॉक्टर कंपनीचेच, ते कंपनीचंच बोलणार. पगार कंपनी देते हे खरं. तरी व्यावसायिक आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची आचारसंहिता सांगते, की व्यवस्थापनाला कळवायचा तो फक्त निष्कर्ष: योग्य, किंवा अमुक मर्यादांसह योग्य. निदान आणि औषधं डॉक्टर आणि कामगार यांच्यात राहायला हवीत. तसं होतंच असं नाही. म्हणून ‘व्यवस्थापनाला नेमकं काय लिहून पाठवणार’ हे खोलीतच, सौजन्यानं, विचारून घ्यावं. आपल्या नोंदींची प्रत मागण्याचा हक्क आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ती द्यायची असते, आणि धोकादायक प्रक्रियांच्या ठिकाणी ठेवलेल्या आरोग्याच्या नोंदीही कामगाराला पाहता आल्या पाहिजेत. वही लिहून आणणारा माणूस कांगावा करतो असं वाटेल, ही शंकाही काहींना येते. उलट आहे. कांगावखोराच्या वहीत रोज सारखंच दुखतं. खऱ्या वहीत बरे दिवसही असतात, आणि ते मुद्दाम खोडू नयेत. सुजलेले सांधे आणि ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्या यांच्याशी तारखा जुळल्या की त्या वहीचं वजन वाढतं.

तिसरा आक्षेप सहकाऱ्यांचा आहे: एकाला सवलत दिली की त्याचा भार बाकीच्यांवर. तो रास्त आहे, आणि म्हणूनच ‘हलकं काम द्या’ ही मागणी मला आवडत नाही. हलकं म्हणजे काय हे ठरवायचं काम ती दुसऱ्यावर ढकलते. ब्रिटनमध्ये डेम कॅरोल ब्लॅक यांनी २००८ मध्ये नोकरदारांच्या आरोग्याचा आढावा घेतला. त्या स्वतः संधिवाततज्ज्ञ. त्यानंतर एप्रिल २०१० मध्ये तिथल्या आजारपणाच्या दाखल्याचं रूप बदललं. आधी माणूस कामाला अयोग्य एवढंच लिहिता येई. नव्या दाखल्यावर ‘काही बदल केले तर काम करू शकेल’ असा पर्याय आला, आणि बदल कोणते त्याचे चार रकाने: हळूहळू रुजू होणं, वेळेत बदल, कामाच्या स्वरूपात बदल, जागेत किंवा साधनांत बदल. आपल्याकडं असा छापील दाखला नाही, पण हे चार रकाने वहीच्या शेवटच्या पानावर आखायला कुणाची परवानगी लागत नाही. ड्रम उचलण्याऐवजी ट्रॉली, उभ्या कामाला उंच स्टूल, फर्स्टऐवजी जनरल; यातल्या कित्येक गोष्टींनी शेजारच्या माणसाचा भार वाढत नाही, कमीच होतो.

ठेकेदाराच्या माणसांना हे सगळं वाचून हसू येईल. त्यांची गेटवर होते ती तपासणी बहुधा आत घ्यायचं की नाही एवढ्यापुरतीच, आणि सांगितलं तर उद्या दुसरा माणूस येतो. नुसत्या तयारीनं हे बदलणार नाही, हे कबूल करायला हवं. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल आणि राज्य कामगार विम्याची वर्गणी कापली जात असेल, तर निदान विमा कार्ड चालू आहे ना हे आधी पाहावं. पुरेशी वर्गणी भरलेली असल्यास आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते, आणि विमा दवाखान्यातला केसपेपर हा तारखेसह पुरावा असतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हा चाळिशीपुढच्या कामगारांना वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी मिळेल असं सरकारनं सांगितलं. गुडघे बोलू लागतात ते याच वयात. त्या तपासणीत रक्तदाब आणि साखरेबरोबर कुणी मूठ वळवून बघायला सांगतं का, यावर कामगार संघटनांनी लक्ष ठेवावं.

शिफारस लिहून घेताना मुदत मागावी. मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाचा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. आज ज्याला फर्स्ट शिफ्ट जमत नाही त्याला तीन महिन्यांनी जमूही शकेल. ‘कायम जनरल शिफ्ट’ या शेऱ्यावर व्यवस्थापन अडून बसतं, आणि कामगारालाही तो पुढं बढतीच्या वेळी नडतो. ‘तीन महिने जनरल शिफ्ट, नंतर फेरतपासणी’ आणि खाली तारीख, एवढं असलं की शिफ्टचा तक्ता लावणाऱ्यालाही ते निभावता येतं. फेरतपासणीची वेळ मात्र आमवात असलेल्यानं सकाळची मागावी, शक्य तर फर्स्ट शिफ्टच्या पहिल्या तासातली.