मांडीला ताण द्यावा, पण केव्हा?

वाराणसीसमोर, गंगेपलीकडच्या रामनगरात अनंत चतुर्दशीच्या सुमारास सुरू होणारी रामलीला ३१ दिवस चालते. अयोध्या, जनकपूर, लंका ही स्थळे गावभर विखुरलेली. त्यामुळे प्रेक्षक कधी तासन्‌तास जमिनीवर बसतात, तर कधी लीलेमागून चालू लागतात.

बराच वेळ बसून एकदम उठले की मांडीचा मागचा भाग आखडल्यासारखा वाटतो. हेच हॅमस्ट्रिंग स्नायू. गुडघा वाकवणे, पाय मागे नेणे ही त्यांची कामे.

त्यांना ताण देण्याच्या पद्धती निरनिराळ्या आणि परिणामही वेगळे. पाय लांब करून पुढे वाकायचे व १५ ते ३० सेकंद तसेच राहायचे, हा स्थिर ताण. नियमित केल्यास काही आठवड्यांत लवचिकता वाढते. मात्र धावण्याच्या अगदी आधी मिनिटाहून जास्त ताणून धरले, तर ताकद थोडा वेळ किंचित घटते. तेव्हा भिंतीला धरून पाय पुढे-मागे झुलवणे बरे. तिसऱ्या पद्धतीत जोडीदाराच्या हाताविरुद्ध पाय पाच-सहा सेकंद दाबतात, मग सैल सोडून ताणतात. लवचिकता छान वाढते, पण ती जाणकाराकडूनच शिकावी.

हिसके देऊ नयेत. लवचिक स्नायू बळकट असतोच असे नाही. बळासाठी सेतुबंधासनासारखा व्यायाम हवा. पायात कळ उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

थोडक्यात, निघण्यापूर्वी पाय झुलवा, घरी परतल्यावर सावकाश ताणा. महिनाभर लीलेमागून चालायचे, तर पायांची एवढी काळजी हवीच!