फॅक्टरच्या इंजेक्शनची भीती वाटते? आधी हे समजून घ्या

मूल रांगायला लागलं की पडणार, धडपडणार, हे सगळ्याच आयांना ठाऊक असतं. पण काही घरांत साध्या पडण्यानंतरही गुडघा टम्म सुजतो. लस टोचलेल्या जागी मोठी गाठ येते. दात येताना हिरडीतून रक्त येऊ लागलं, तर ते थांबता थांबत नाही. मग तपासणी होते आणि डॉक्टर एक नवा शब्द सांगतात, हिमोफिलिया. त्यापाठोपाठ दुसरा शब्द येतो, फॅक्टर.

इथूनच घरात चर्चा सुरू होते. आजोबा विचारतात, "दुसऱ्याच्या रक्तापासून बनवलेलं औषध आपल्या नातवाला कशाला?" मावशी फोनवर सांगते, "त्यातून एड्स होतो म्हणे." आईला वेगळीच काळजी असते, "एवढ्या लहान वयात सुरू केलं, तर पुढे काही होणार तर नाही ना?"

हे प्रश्न विचारणं अजिबात चुकीचं नाही. फक्त यातली कोणती भीती जुन्या काळाची आहे आणि कोणत्या गोष्टीकडे आजही लक्ष द्यायला हवं, हे वेगवेगळं करून बघायला हवं. नाहीतर भीतीपोटी औषधच चुकतं आणि खरं नुकसान तिथे होतं.

फॅक्टर म्हणजे नेमकं काय?

जखम झाल्यावर रक्त गोठण्यासाठी शरीरात अनेक प्रथिनं एकामागोमाग एक कामाला लागतात. या प्रथिनांना फॅक्टर म्हणतात आणि त्यांना क्रमांक दिलेले असतात. फॅक्टर ८ कमी असेल तर हिमोफिलिया ए आणि फॅक्टर ९ कमी असेल तर हिमोफिलिया बी. साधारण दर ५,००० मुलग्यांमागे एकाला हिमोफिलिया ए असतो.

आजार बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतो, म्हणून घरात आईलाच बोल लावला जातो. पण जवळपास एक तृतीयांश रुग्णांच्या कुटुंबात हा आजार आधी कुणालाच नसतो. जनुकातला बदल नव्यानेच झालेला असतो. त्यामुळे दोष कुणालाच देऊ नका.

रक्तातलं फॅक्टरचं प्रमाण नेहमीच्या १ टक्क्यापेक्षाही कमी असेल, तर आजार तीव्र मानला जातो. अशा मुलांना काही न लागताही सांध्यात रक्तस्राव होऊ शकतो. जे प्रथिन शरीरात नाही, तेच शिरेतून देणं म्हणजे फॅक्टरचं इंजेक्शन. साधारणपणे वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ युनिट फॅक्टर ८ दिला, की रक्तातलं त्याचं प्रमाण सुमारे २ टक्क्यांनी वाढतं. पण ८ ते १२ तासांत ते निम्म्यावर येतं. म्हणून ही इंजेक्शनं पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात.

जुनी भीती कुठून आली?

मावशीने ऐकलेली गोष्ट खोटी नाही, पण ती जुन्या काळातली आहे. १९७० च्या दशकात फॅक्टरची पावडर मिळू लागली आणि रुग्णांचं आयुष्य एकदम सोपं झालं. पण ही पावडर हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून बनवली जायची. त्यातल्या एकाच्या रक्तात विषाणू असला, तरी तो सगळ्या बाटल्यांमध्ये पोहोचायचा. १९८० च्या दशकात अशाच औषधातून जगभरात हिमोफिलियाच्या हजारो रुग्णांना एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी झाला. ज्याच्या आडनावावरून हिमोफिलिया बी ला 'ख्रिसमस आजार' म्हणतात, त्या स्टीफन ख्रिसमसचाही मृत्यू १९९३ मध्ये रक्तातून झालेल्या एचआयव्हीमुळेच झाला.

ब्रिटनमध्ये या प्रकरणाची चौकशी झाली आणि तिचा अहवाल २० मे २०२४ रोजी आला. दूषित रक्त आणि रक्तापासून बनवलेली औषधं यांमुळे ३०,००० हून अधिक लोकांना संसर्ग झाला आणि ३,००० हून अधिक लोक मरण पावले, असं त्यात म्हटलं आहे. अहवालातली सगळ्यात टोचणारी गोष्ट म्हणजे अनेक रुग्णांना आणि पालकांना धोक्याची कल्पनाच दिली गेली नव्हती.

त्यानंतर औषध बनवण्याची पद्धत बदलली. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून फॅक्टरवर उष्णतेची आणि रसायनांची प्रक्रिया करून विषाणू नष्ट केले जाऊ लागले. भारतात १९८९ पासून दान केलेल्या रक्ताची एचआयव्ही चाचणी सक्तीची झाली. १९९२ मध्ये प्रयोगशाळेत पेशींकडून बनवून घेतलेला फॅक्टर ८ अमेरिकेत मंजूर झाला. आज फॅक्टरच्या औषधातून एचआयव्ही होण्याचा धोका अत्यंत कमी मानला जातो. तरीही हिपॅटायटिस बी ची लस प्रत्येक रुग्णाने घ्यायला हवी. हिमोफिलियात लस शक्यतो स्नायूत न देता त्वचेखाली देतात, म्हणून लस देणाऱ्याला आजाराची माहिती आधी द्या.

आजचा खरा प्रश्न, इन्हिबिटर

ज्याबद्दल घरात क्वचितच बोललं जातं, तो आजचा मुख्य दुष्परिणाम म्हणजे इन्हिबिटर. बाहेरून आलेल्या फॅक्टरला शरीर शत्रू समजतं आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. मग औषध दिलं तरी ते काम करत नाही. तीव्र हिमोफिलिया ए च्या साधारण २५ ते ३० टक्के रुग्णांत हे होतं. हिमोफिलिया बी मध्ये हे प्रमाण बरंच कमी आहे.

हा धोका सुरुवातीच्या काळात सर्वाधिक असतो. ज्या दिवशी फॅक्टर दिला तो एक दिवस, असे पहिले ५० दिवस डोळ्यांत तेल घालून पाहायचे असतात. या काळात डॉक्टर इन्हिबिटरची रक्ततपासणी ठरावीक अंतराने करायला सांगतात. ती 'मूल तर ठीक दिसतंय' म्हणून टाळू नका. एरवी ज्या डोसने सूज उतरायची, त्याच डोसने आता उतरत नाही, असं दिसलं तरी लगेच सांगा.

रक्तापासून बनवलेला फॅक्टर चांगला की प्रयोगशाळेतला, हा प्रश्नही पालक विचारतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सिपेट' नावाच्या अभ्यासात भारतासह १४ देशांतली मुलं होती. त्यात रक्तापासून बनवलेला फॅक्टर घेणाऱ्या २६.८ टक्के, तर प्रयोगशाळेतला फॅक्टर घेणाऱ्या ४४.५ टक्के मुलांमध्ये इन्हिबिटर आढळले. म्हणजे नवं ते सगळ्याच बाबतींत सरस, असं नसतं. पण एका अभ्यासावरून घरच्या घरी औषध बदलू नका. तुमच्या मुलासाठी काय योग्य, हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

इन्हिबिटर झाले म्हणजे सगळे मार्ग बंद झाले, असंही नाही. रक्तस्राव थांबवायला वेगळी औषधं आहेत आणि शरीराला फॅक्टरची हळूहळू सवय लावण्याचा उपचारही आहे.

अ‍ॅलर्जी कशी ओळखाल?

फॅक्टर घेताना किंवा घेतल्यावर थोड्याच वेळात अंगावर पित्त उठणं, खाज, थंडी वाजणं, छातीत जखडल्यासारखं होणं किंवा धाप लागणं ही अ‍ॅलर्जीची लक्षणं असू शकतात. अशा वेळी इंजेक्शन तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना गाठा. श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर एक मिनिटही घरी थांबू नका.

फॅक्टर ९ घेणाऱ्या मुलांमध्ये क्वचित गंभीर अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि त्याच सुमारास इन्हिबिटरही तयार होऊ शकतात. म्हणून त्याचे पहिले १० ते २० डोस रुग्णालयातच द्यावेत, असं तज्ज्ञ सांगतात. कितीही घाई असली, तरी हे डोस घरी देण्याचा हट्ट धरू नका.

नव्या इंजेक्शनबद्दल काय?

गेल्या काही वर्षांत एमिसिझुमॅब, म्हणजेच हेमलिब्रा या औषधाची बरीच चर्चा आहे. हे फॅक्टर नाही, पण हिमोफिलिया ए मध्ये फॅक्टर ८ चं काम करतं. ते शिरेत न देता त्वचेखाली देतात आणि आठवड्यातून, पंधरवड्यातून किंवा चार आठवड्यांतून एकदा पुरतं. इन्हिबिटर असलेल्यांनाही ते चालतं. ज्यांच्या मुलांची शीर सापडत नाही, त्या पालकांना ही मोठीच सुटका वाटते.

यातही काही गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. टोचलेल्या जागी लाली किंवा दुखणं, हा नेहमीचा त्रास. पण इन्हिबिटरसाठी वापरलं जाणारं फैबा हे औषध याच्या जोडीला जास्त मात्रेत दिलं गेलं, तेव्हा काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या झाल्या. दुसरी गोष्ट, हे औषध रक्तस्राव होऊ नये म्हणून असतं. रक्तस्राव सुरू झालाच, तर तो थांबवायला वेगळं औषध लागतं. आणि ते बंद केल्यावरही त्याचा परिणाम काही महिने राहतो, त्यामुळे रक्त गोठण्याच्या काही नेहमीच्या चाचण्या चुकीच्या येऊ शकतात. दाताचा डॉक्टर असो की अपघात विभाग, मुलाला हे औषध सुरू आहे किंवा होतं, हे सांगायलाच हवं.

औषध न घेण्याचाही दुष्परिणाम असतो

साइड इफेक्टच्या भीतीने डोस पुढे ढकलला, तर रक्त सांध्यात साठत राहतं. पुन्हा पुन्हा असं झालं की सांध्याची कूर्चा झिजते, गुडघा वाकडा राहतो आणि तरुण वयातच कुबडी घ्यायची वेळ येते. डोक्यात रक्तस्राव झाला, तर जिवावर बेतू शकतं. डोक्याला मार लागला असेल, तर आधी फॅक्टर आणि मग स्कॅन, हा नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा.

सांधा दुखतो म्हणून घरातली कुठलीही गोळी देऊ नका. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालते, पण तिची मात्रा डॉक्टरांना विचारूनच द्या. मालीशवाल्याकडे तर मुळीच नेऊ नका.

घरी एवढं सांभाळा

- फॅक्टरच्या बाटल्या साधारणपणे २ ते ८ अंश तापमानात ठेवतात. त्या फ्रीजरमध्ये ठेवू नका. लखनौचा मे महिना असो की विदर्भातला, पारा ४० च्या वर जातो. केंद्रातून घरी आणताना थंड पिशवी वापरा, पण बाटली थेट बर्फाला टेकू देऊ नका.
- पावडर पाण्यात मिसळताना बाटली जोराने हलवू नका, हळुवार फिरवा. द्रावण गढूळ दिसलं तर वापरू नका.
- एक वही ठेवा. तारीख, औषधाचं नाव, बॅच क्रमांक, मात्रा, कारण आणि काही त्रास झाला का, हे सगळं लिहा. बाटलीवरचं लेबल काढून वहीत चिकटवलं तर उत्तम. एखाद्या बॅचमध्ये दोष निघाला, तर हीच वही कामी येते.
- मुलाच्या शाळेत आजाराचं नाव, फॅक्टरचा प्रकार आणि तुमचा फोन नंबर लिहिलेलं कार्ड देऊन ठेवा.

त्रास झाला तर कुठे सांगायचं?

अनेकांना वाटतं, साइड इफेक्टची नोंद फक्त डॉक्टर करू शकतात. तसं नाही. २०१० मध्ये भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याचं मुख्य केंद्र उत्तर प्रदेशातच, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. रुग्ण किंवा नातेवाईक १८००-१८०-३०२४ या टोल फ्री क्रमांकावर स्वतः माहिती देऊ शकतात. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. औषधामुळेच त्रास झाला, हे तुम्ही सिद्ध करायची गरज नाही, शंका आली तरी पुरे.

उपचारासाठी लखनौत रायबरेली रोडवरील एसजीपीजीआय आणि चौक भागातील केजीएमयू इथे हिमोफिलियाचे उपचार होतात. उत्तर प्रदेशात आणि महाराष्ट्रात सरकारी केंद्रांमधून फॅक्टर मोफत मिळतो. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्तविकारांवर काम करणारी राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश असल्याने प्रमाणपत्रासाठीही चौकशी करा.

पुढच्या वेळी केंद्रात जाल तेव्हा वही सोबत न्या आणि तीन प्रश्न नक्की विचारा. इन्हिबिटरची तपासणी शेवटची कधी झाली? आता दिलं जाणारं औषध आधीचंच आहे की बदललं आहे? आणि रात्री-अपरात्री त्रास झाला, तर फोन कुणाला करायचा? उत्तरं तिथेच वहीत लिहून घ्या आणि घरी आल्यावर आजी-आजोबांनाही वाचून दाखवा.