गुणपत्रिका हवेची की झाडूची?

अमरावतीस पहिला क्रमांक मिळाला, तो एकदा नव्हे, दोनदा. केंद्राच्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात तीन ते दहा लाख वस्तीच्या शहरांमध्ये २०२३ साली आणि पुन्हा २०२५ साली हे शहर अव्वल ठरले. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, मानके न गाठणाऱ्या शहरांच्या पंक्तीत, अकोला व अमरावती शेजारीशेजारीच बसली होती. तेव्हा शेजाऱ्याच्या यशाचे कौतुक अकोलेकरांनीही करावे. तथापि ही गुणपत्रिका नीट वाचली पाहिजे.

रस्त्यावरील धूळ, वाहने, कारखाने, कचरा जाळणे यांबाबत योजलेल्या उपायांना तीत प्रत्येकी २० टक्के गुण आहेत. हवेतील धूलिकण प्रत्यक्षात किती घटले, यास अवघे अडीच टक्के. विद्यार्थ्याने किती वह्या विकत आणल्या यावर त्यास उत्तीर्ण करण्यासारखेच हे! पैसाही त्याच वाटेने जातो. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीनुसार देशभरात या कार्यक्रमाचा सुमारे ६४ टक्के खर्च रस्त्यांच्या धुळीवर झाला. उद्योगांच्या वाट्यास एक टक्काही आला नाही. झाडणाऱ्या यंत्राची पावती फायलीस लावता येते. भट्टीतून न निघालेल्या धुराची कशी लावणार?

वस्तुतः नियम नेमका असला की कल्पकता कशी जागी होते, याचे उदाहरण अकोल्याच्या दाराशी, पारसच्या औष्णिक वीज केंद्रात आहे. अशा केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत मातीची वीट पाडणाऱ्याने वजनाने किमान २५ टक्के राख मिसळावी, अशी अधिसूचना केंद्राने १९९९ साली काढली. जी राख केवळ अडगळ होती, तिला गिऱ्हाईक मिळण्याची वाट त्यामुळे खुली झाली. चुना वा सिमेंट घालून दाबलेली राखेची वीट तर भाजावीच लागत नाही. पाणी मारून ती पक्की होते. राखेचा ढीग, शेतातील माती आणि भट्टीचा धूर, तिन्ही एकदम वाचतात. कडक नियम उद्योगास नवा मार्ग शोधावयास लावतात, असे मायकेल पोर्टर यांनी १९९१ साली मांडले होते, ते हेच.

परंतु या नियमाच्या मुदती वारंवार वाढत गेल्या. अखेर २०२१ च्या अधिसूचनेने न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये भरपाई ठेवली, तेव्हा कुठे राख पडून राहण्यास किंमत आली. हा भार वीज केंद्रावर पडतो, ते योग्यच. पण दाबयंत्रासाठी भांडवल कोठून आणावे, हा छोट्या वीटभट्टीवाल्याचा प्रश्न कोणत्याच अधिसूचनेने सोडविलेला नाही, आणि सर्वेक्षणात त्यास गुणही नाहीत.