तिऱ्हाइतांच्या पुरवण्या



शाळेंतून निवृत्त झालेला मास्तर पुन्हां विद्यार्थी होतो, आणि त्याचे गुरु बहुधा घरचींच नातवंडें असतात. आज ज्या खेळाविषयीं चार शब्द सांगणार आहें, तो मला माझ्या नातवानें शिकविला. खेळाचें नांव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोन अमेरिकन गृहस्थांनीं तो रचिला व १९७४ सालीं तो प्रथम छापून निघाला. एक जण सूत्रधार होऊन कल्पित जगाचें वर्णन करितो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर बनून आपण काय करणार तें तोंडानें सांगतात. आणि बेत साधला कीं फसला, ह्याचा निकाल बहुधा वीस बाजूंचा फांसा देतो. मूळ नियमांचे मुख्य ग्रंथ तीन. परंतु आज मला बोलावयाचें आहे तें तिऱ्हाइतांनीं, म्हणजे मूळ प्रकाशकाखेरीज इतरांनीं, काढलेल्या पुरवण्यांविषयीं.

ही चाल नवी नाहीं. खेळ निघून दोनच वर्षें झालीं होतीं, तोंच १९७६ मध्यें ‘जजेस गिल्ड’ ह्या संस्थेनें एका संबंध कल्पित नगरीचा नकाशा विकावयास काढला. सूत्रधारानें रात्री जागून जें उभें करावें, तें त्याच्या हातीं आयतें आलें. पुढें २००० सालीं ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ ह्या प्रकाशकानें खुला परवाना दिला. ठराविक अटी पाळून कोणासही ह्या नियमांच्या आधारें पुस्तक काढण्याची मुभा मिळाली. पुस्तकांचा पूर लोटला. त्यांत उत्तम होतीं, तशीं घाईघाईनें लिहिलेलींही होतीं. २००३ सालीं मूळ नियमच सुधारले गेले, तेव्हां त्यांतलीं पुष्कळशीं शिळीं झालीं. २०२३ च्या जानेवारींत प्रकाशकानें परवान्याच्या अटी बदलण्याचा घाट घातला. खेळणारांनीं मोठी ओरड केली. आणि त्याच महिन्यांत नियमांचा गाभा ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या परवान्याखालीं सर्वांस मोकळा झाला. दिलेली ही मोकळीक परत घेतां येत नाहीं.

हा इतिहास सांगण्याचें कारण इतकेंच, कीं हा परवाना छापण्याचा आहे. पुस्तक चांगलें असल्याचा तो दाखला नव्हे. हा भेद मला तरी कळावयास हवा होता. क्रमिक पुस्तकाचें नांव पाठीवर छापलें म्हणून गाइड हें क्रमिक पुस्तक होत नाहीं, असें मी जन्मभर मुलांना सांगत आलों.

गेल्या पावसाळ्यांत दर रविवारीं पांच मुलें आमच्या दिवाणखान्यांत खेळावयास बसत. नातू सूत्रधार. एका मुलानें एक पुरवणी आणली. तींत मंत्र म्हणत तलवार चालविणारा एक नवा वीर होता. हा घ्यावा कीं न घ्यावा, असें नातवानें मला विचारलें. मीं पुस्तक चाळलेंही नाहीं. “छापील आहे ना? मग हरकत कसली?” असें म्हणून मोकळा झालों. तिसऱ्या रविवारीं योद्ध्याची भूमिका घेणारी मुलगी गप्प गप्प दिसली. तिनें तलवार उपसावी, तोंच शत्रू आडवा झालेला असे. चौथ्या रविवारीं ती आलीच नाहीं.

मग मीं तें पुस्तक वाचावयास घेतलें. दोष गणिताचा होता. वीस बाजूंच्या फांशावर एकेका अंकाची किंमत शेंकडा ५. समजा, १५ किंवा अधिक दान पडलें तर वार लागतो. म्हणजे २० पैकीं ६ दानें, शेंकडा ३०. दानांत ५ मिळविण्याचा कायमचा हक्क दिला, कीं १० पडले तरी पुरे. ११ दानें, शेंकडा ५५. नव्या वीराला असा हक्क होता, आणि एका पाळींत एकाऐवजीं दोन कृत्यें करण्याची सवलतही होती. मूळ ग्रंथांतला योद्धा त्याच्यापुढें टिकणार कसा?

तेव्हांपासून आमच्या घरीं कांहीं दंडक ठरले आहेत. पुरवणी कोणत्या आवृत्तीसाठीं लिहिली, हें प्रथम पाहावें; कारण २०१४ चे नियम वेगळे व २०२४ चे सुधारलेले वेगळे. सूत्रधारानें ती अथपासून इतिपर्यंत वाचावी. नवी शक्ति मूळ ग्रंथांतल्या त्याच पायरीच्या शक्तीशेजारीं ठेवून तोलावी. एका वेळीं एकच पुरवणी घ्यावी, तीही तीन बैठकींपुरती, आणि जड वाटल्यास कापण्याची अट सर्वांसमक्ष आधींच सांगावी. नगरें, राक्षस व साहसकथा ह्यांच्या पुरवण्या त्या मानानें निर्धोक. त्या सूत्रधाराच्या हातीं राहतात व त्याला गुपचूप कमीजास्त करितां येतात. खेळणाराच्या हातीं गेलेली शक्ति परत मागणें मात्र कठीण. तिथें मन दुखावतें.

नातू त्या मुलीच्या घरीं गेला व झालें तें मोकळेपणीं बोलला. चूक माझी होती, हें मीं दुसऱ्या रविवारीं सर्वांपुढें कबूल केलें. पुरवणी आणणाऱ्या मुलानें कुरकुर केली. पण गणित मांडून दाखवितांच त्यानेंच आपल्या वीराची दुसरी कृति खोडली व ५ चे २ केले. मुलगी परत आली. येतांना तिनें काखोटीला एक पुस्तक आणलें होतें: एका बंदराच्या गांवाची पुरवणी. नातवानें तें आठवडाभर ठेवून घेतलें, वाचलें, आणि मगच जहाज त्या धक्क्याला लागलें.