महासाथीत मनाला सावरणारे गुण

करोनाच्या महासाथीने शरीराबरोबरच मनावरही घाला घातला. साथीच्या पहिल्या वर्षात चिंताविकार आणि नैराश्य यांचे जगभरातील प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये जाहीर केले. टाळेबंदी सर्वांना सारखीच लागू होती. तिचा परिणाम मात्र सारखा झाला नाही. काही जण खचले, तर काही सावरले. उत्पन्न, घरातील जागा, आजारपण, जिवलगांचा मृत्यू ही कारणे त्यामागे होतीच. पण व्यक्तीच्या अंगच्या गुणांचाही त्यात वाटा असतो, असे मानसशास्त्र सांगते.

चोवीस गुणांची यादी

ख्रिस्तोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिग्मन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये अशा २४ गुणांची वर्गवारी मांडली. त्याच वर्षी नॅन्सूक पार्क यांच्यासह त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आशा, उत्साह, कृतज्ञता, प्रेम आणि जिज्ञासा या पाच गुणांचे जीवनातील समाधानाशी दृढ नाते आढळले. विनय, सर्जनशीलता किंवा विद्याप्रेम यांचे नाते मात्र क्षीण होते.

स्पेनमधील अनुभव

या विचाराची खरी कसोटी २०२० मध्ये लागली. स्पेनमध्ये १४ मार्चपासून कडक टाळेबंदी सुरू झाली. तेथील संशोधकांनी प्रौढ नागरिकांचे गुण आणि मनःस्थिती यांची नोंद घेतली व महिन्याभराने मनःस्थिती पुन्हा तपासली. ज्यांच्या अंगी हे गुण अधिक होते, त्यांचे मानसिक आरोग्य त्या काळात सुधारण्याकडे कल दिसला. हा अभ्यास एका देशापुरता आणि एका महिन्यापुरता असल्याने त्यावरून सरसकट निष्कर्ष काढता येणार नाही, हेही खरे.

गुण काम कसे करतात?

आशावादी माणूस संकट नाकारत नाही. उद्यासाठी एखादी छोटी योजना आखतो. दयाळू वृत्ती लक्ष स्वतःच्या भीतीवरून दुसऱ्याच्या गरजेकडे वळवते. शेजारच्या वृद्धांना किराणा आणून देणाऱ्याला आपणही काही करू शकतो, हा दिलासा मिळतो. आत्मसंयमामुळे झोपेची वेळ पाळली जाते आणि बातम्यांच्या भडिमाराला मर्यादा पडते. जिज्ञासा रिकाम्या वेळेला नवे शिकण्याचा विषय पुरवते.

हे गुण सवयीने वाढवता येतात. सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दोन साधे उपाय पडताळून पाहिले: दररोज रात्री दिवसातील तीन चांगल्या गोष्टी कारणांसह लिहिणे आणि आपला ठळक गुण रोज नव्या प्रकारे वापरणे. आठवडाभराच्या या सरावाचा लाभ सहा महिन्यांनंतरही दिसून आला.

गुण हा उपचाराला पर्याय नव्हे

मात्र या विचाराचा विपर्यास होऊ नये. नैराश्य आलेल्या व्यक्तीत गुणांची उणीव असते, असा त्याचा अर्थ नाही. रोजगार गेलेल्याला केवळ आशेचा उपदेश करणे निर्दयपणाचे ठरेल. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, निद्रानाश किंवा कामातील अनास्था टिकली, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आत्महत्येचे विचार येत असतील, तर तितकीही वाट पाहू नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. योग्य वेळी मदत मागणे, हेही धैर्याचेच लक्षण होय.