ओपनिंग पाठ झाली, डाव कुठे आला?

भोपाळमधल्या रेटिंग स्पर्धेत हॉलबाहेर ताटकळणाऱ्या पालकांच्या घोळक्यात थोडा वेळ उभं राहिलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "सर, ह्याची ओपनिंग कच्ची आहे, जरा नायडॉर्फ पक्की करून द्या ना." मूल असतं 1400-1500 चं. फिडेने 1 मार्च 2024 पासून रेटिंगची किमान मर्यादाच 1400 केली आहे, म्हणजे ही यादीतली अगदी खालची पायरी. त्या पायरीवरच्या मुलाच्या हातात वीस-वीस खेळ्यांच्या ओळी कोंबल्या जातात. मूल हरलं की ओळी आणखी वाढवतात. ओळी पाठ केल्या की डाव जिंकता येतो, या समजुतीपायी मुलांची शिकण्याची वर्षं वाया जातात, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

पांढऱ्याला पहिल्या खेळीसाठी 20 पर्याय असतात. दोघांची एकेक खेळी झाली की 400 शक्यता होतात आणि दोन-दोन खेळ्या झाल्या की 1,97,281. त्यातल्या बहुतेक टाकाऊ, हे मान्य. पण 1500 चा प्रतिस्पर्धी पुस्तकातली खेळी करेलच याची हमी कोण देणार?

सिसिलियनमधल्या नायडॉर्फचंच घ्या. ती पटावर यायला दोघांनी पाच-पाच खेळ्या ठरलेल्या वाटेने खेळाव्या लागतात. ई4 ला सी5, मग घोडा एफ3, डी6, डी4, प्याद्यांची मारामारी, दोन्हीकडचे घोडे बाहेर आणि पाचव्या खेळीला काळ्याचं ए6. आपलं मूल सी5 खेळतं आणि समोरचा दुसऱ्याच खेळीला सी3 खेळून मोकळा होतो. पाठ केलेलं सगळं तिथेच संपलं! मूल घड्याळाकडे बघत बसतं.

आता दुसरं मूल बघा. त्याला ओळी येत नाहीत, पण सिसिलियनमध्ये काय चाललंय ते कळतं. ते विचार करतं: पांढऱ्याच्या घोड्याची हक्काची जागा सी3, तिथे आता त्याचंच प्यादं बसलंय. मग मी डी5 खेळलो, त्याने मारलं आणि मी वजिराने परत मारलं, तर वजिराला हुसकायला घोडा येणार कुठून? एरवी इतक्या लवकर वजीर बाहेर काढला की ओरडा बसतो, इथे मात्र तो मधोमध निवांत उभा राहतो. ही खेळी पाठ करावी लागत नाही, सापडते. ओपनिंगचा अभ्यास म्हणतात तो हा.

"पण मोठे खेळाडू पाठ करतातच ना?" करतात, आणि त्यांना करावंच लागतं, कारण समोरचाही तेवढीच तयारी करून आलेला असतो. तरीही डाव कुठे फिरतात ते बघा. 12 डिसेंबर 2024 ला सिंगापूरमध्ये गुकेश जगज्जेता झाला तो चौदाव्या डावात, प्रतिस्पर्धी डिंगने 55 व्या खेळीला हत्ती एफ2 वर नेला म्हणून. हत्ती गेले, पाठोपाठ उंटही गेले आणि उरलेला राजा-प्याद्यांचा शेवट गुकेशसाठी सरळ जिंकलेला होता. जुलै 2025 मध्ये बाटुमीला आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात कोनेरू हम्पीविरुद्धचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले होते. निकाल लागला टायब्रेकच्या दुसऱ्या जलद डावात, तोही डावाच्या उत्तरार्धात, घड्याळ अंगावर आल्यावर. आणि तयारी म्हणजे चिलखत असं कुणी म्हणत असेल, तर 1972 च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातला अकरावा डाव काढून बघावा. खुद्द फिशर नायडॉर्फच्या आपल्या आवडत्या 'पॉयझन्ड पॉन' प्रकारात स्पास्कीकडून हरला होता.

मग निवड कशी करायची? ओपनिंगच्या नावावर जाऊ नका, तिच्यातून प्याद्यांची रचना कोणती उभी राहते ते बघा. माझं मत स्पष्ट आहे: पांढऱ्याने इटालियन, काळ्याने ई4 ला ई5 आणि डी4 ला क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड. एवढ्यावर दोन-तीन वर्षं निघतात. क्वीन्स गॅम्बिटच्या एक्स्चेंज प्रकारात पांढरा आपलं बी प्यादं बी5 पर्यंत रेटून काळ्याच्या सी6 वर घाव घालतो. हा मायनॉरिटी अटॅक एकदा समजला, की कारो-कानच्या एक्स्चेंज प्रकारात तीच रचना रंग उलटे होऊन समोर येते आणि तीच योजना काळ्याला वापरता येते. शिकलेली एक गोष्ट दोन ठिकाणी कामाला येते. वीस खेळ्यांच्या ओळीत ही सोय नाही.

बाकीचे गैरसमज झटपट उरकतो. लंडन सिस्टिम म्हणजे भित्र्यांची ओपनिंग? 2023 च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात डिंगने सहावा डाव लंडननेच जिंकला, राजाभोवती मात देणारं जाळं विणून. क्वीन्स गॅम्बिटमध्ये प्यादं फुकट जातं? काळ्याने ते बी5 खेळून धरून ठेवायचा हट्ट केला, तर बहुतेक वेळा त्याचाच डाव उसवतो. इंजिन 0.3 ने पांढरा सरस म्हणतंय म्हणून ओपनिंग टाकायची? त्या 0.3 चा या पातळीवर काडीचाही फरक पडत नाही. सिसिलियन खेळायचीच नाही का? खुशाल खेळा, पण आधी लिचेस या संकेतस्थळाच्या ओपनिंग एक्स्प्लोररमध्ये आपल्या रेटिंगचे लोक तिच्याविरुद्ध काय खेळतात ते बघा आणि सी3 ची तयारी नायडॉर्फच्या आधी करा. हरलो की ओपनिंग बदलायची? हे तर साफ चूक.

पालकांना एकच विनंती. पुढच्या स्पर्धेत मूल हरून बाहेर आलं, की त्याला आधी खाऊ-पिऊ द्या. संध्याकाळी इंजिन न लावता स्कोअरशीट आणि पट घेऊन बसा आणि डाव पहिल्यांदा कुठे बिघडला ते मुलालाच शोधू द्या. ती खेळी पहिल्या दहांत निघाली, तर सरांकडे ओपनिंगचा विषय जरूर काढा. तिसाव्या खेळीला निघाली, तर हत्ती-प्याद्यांचे शेवट शिकवायला सांगा.