लखनौच्या कादंबऱ्या : प्रकार अनेक, ओढ एकच

लखनौ : रहस्य, प्रणय, अद्भुत वा उपहास, कादंबरीचा प्रकार कोणताही असो, ‘पुढे काय झाले?’ हा प्रश्नच वाचकाला खिळवून ठेवतो. लखनौच्या ग्रंथव्यवहाराचा इतिहास याची साक्ष देतो.

मुन्शी नवल किशोर यांनी १८५८ मध्ये येथे छापखाना सुरू केला. त्यांच्या ‘अवध अखबार’मधून १८७८ पासून रतननाथ सरशार यांची विनोदी ‘फसाना-ए-आझाद’ क्रमशः प्रसिद्ध झाली. याच छापखान्याने ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ ही मायावी कथा खंडाखंडांनी छापली. मिर्झा रुसवा यांच्या ‘उमराव जान अदा’ने (१८९९) तवायफेचे आयुष्य तिच्याच तोंडून मांडले. पुढे लखनौनिवासी शिवानी यांच्या कादंबऱ्या ‘धर्मयुग’सारख्या साप्ताहिकांतून घरोघरी पोहोचल्या. हप्त्याने वाचकाला वाट पाहायला लावली. त्या प्रतीक्षेतून वाचनाची सवय जडली.

लोकप्रिय लेखन म्हणजे हलके लेखन, हा समज मात्र कायम राहिला. लेखकांनी ती सीमा नेहमीच पाळली नाही. ‘राग दरबारी’साठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे श्रीलाल शुक्ल यांनी ‘आदमी का जहर’ ही रहस्यकादंबरीही लिहिली. मराठीत रहस्यकथांसाठी ख्यात असलेल्या सुहास शिरवळकर यांची ‘दुनियादारी’ महाविद्यालयीन मैत्रीची कथा सांगते. तिच्यावरील चित्रपट २०१३ मध्ये आला आणि नवी पिढी मूळ पुस्तकाकडे वळली.

‘धर्मयुग’ आता बंद झाले आहे. अशी साप्ताहिके गेल्याने घरबसल्या वाचक घडवणारी एक वाट बुजली. रंजक कादंबरीला कमी लेखल्यास उरलेली वाटही अरुंद होते. कारण अनेकांच्या वाचनाचा आरंभ तिथूनच होतो.